चेहरा बदलला की नायक बदलतो? सुपरहिरोपटांतील पात्रनिवड आणि चाहत्यांचा रोष

अमेरिकेतील सॅन दिएगो येथे भरणाऱ्या कॉमिक-कॉन संमेलनात २७ जुलै २०२४ रोजी हिरवा झगा आणि धातूचा मुखवटा घातलेली एक व्यक्ती रंगमंचावर आली. मुखवटा दूर झाला तेव्हा समोर रॉबर्ट डाउनी ज्युनियर उभे होते. सभागृहात जल्लोष झाला. २००८ पासून २०१९ पर्यंत ‘आयर्न मॅन’ या नायकाला चेहरा देणारे आणि पडद्यावर त्या नायकाचा मृत्यूही साकारून गेलेले डाउनी आता मार्व्हलच्या आगामी ‘ॲव्हेंजर्स : डूम्सडे’ चित्रपटात डॉक्टर डूम हा खलनायक रंगवणार, अशी ही घोषणा होती. चित्रपटाच्या प्रदर्शनासाठी १८ डिसेंबर २०२६ ही तारीख जाहीर झाली आहे.

सभागृहाबाहेर प्रतिक्रिया इतकी एकमुखी नव्हती. ज्या चेहऱ्याला प्रेक्षकांनी अकरा वर्षे नायक म्हणून पाहिले, तोच चेहरा खलनायकाला देणे ही कल्पनेची दिवाळखोरी आहे, असे अनेक चाहत्यांचे म्हणणे होते. मागील काही चित्रपटांच्या अपयशानंतर स्टुडिओने जुन्या ताऱ्याचा आधार घेतला, असाही अर्थ काढला गेला. तिसरी एक तक्रार मात्र फारशी कोणी ऐकून घेतली नाही. मूळ चित्रकथेत डूम हा रोमानी, म्हणजे युरोपात शतकानुशतके हेटाळणी सोसलेल्या भटक्या समाजातील आई-वडिलांचा मुलगा आहे. १९६४ मध्ये त्याची जी पूर्वकथा प्रसिद्ध झाली, तिचा सारा डोलारा या जन्मावर उभा आहे. त्या समाजातील नटाला ही भूमिका मिळावी, अशी अपेक्षा बाळगणारे वाचकही होते. एकाच निवडीवर आलेल्या या तीन हरकती तीन वेगवेगळ्या प्रकारच्या आहेत. पण वृत्तपत्रांच्या मथळ्यांत त्या ‘चाहते नाराज’ या दोन शब्दांत गुंडाळल्या जातात. सुपरहिरोपटांच्या पात्रनिवडीवरील चर्चा गेली काही दशके याच गोंधळात अडकली आहे, आणि त्या गोंधळाची किंमत सर्वांना सारखी मोजावी लागत नाही.

चाहत्यांच्या रोषाला समाजमाध्यमांनी जन्म दिला, हा समज प्रथम दूर केला पाहिजे. १९८८ मध्ये, जेव्हा सामान्य घरांत इंटरनेट पोहोचलेही नव्हते, तेव्हा वॉर्नर ब्रदर्स या कंपनीने ‘बॅटमॅन’साठी मायकेल कीटन यांची निवड केली. कीटन तोपर्यंत विनोदी भूमिकांसाठी ओळखले जात. दिग्दर्शक टिम बर्टन यांचाही लौकिक विक्षिप्त विनोदाचाच होता. त्याच वर्षी दोघांचा ‘बीटलज्यूस’ येऊन गेला होता. निवडीची बातमी फुटताच कंपनीकडे निषेधाची सुमारे ५० हजार पत्रे आल्याचे सांगितले जाते. पाकिटे, तिकिटे, हाताने लिहिलेला मजकूर असा सगळा खटाटोप करून व्यक्त झालेला तो राग होता. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’सारख्या अर्थविषयक दैनिकाने त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये या नाराजीची पहिल्या पानावर दखल घेतली, कारण प्रश्न भावनांबरोबर भांडवलाचाही होता.

त्या पत्रलेखकांची आज चेष्टा केली जाते, पण त्यांची भीती निराधार नव्हती. १९६६ ते १९६८ या काळात दूरचित्रवाणीवर गाजलेल्या बॅटमॅन मालिकेने या पात्राला रंगीबेरंगी प्रहसनाचा नायक करून टाकले होते. मारामारीच्या वेळी पडद्यावर उमटणारी ध्वनिवाचक अक्षरे आणि ॲडम वेस्ट यांचा गंभीर चेहऱ्याने केलेला विनोद हीच बॅटमॅनची ओळख बनली. त्यातून त्याला बाहेर काढायला चित्रकथाकारांना वीस वर्षे लागली. १९८६ मध्ये फ्रँक मिलर यांनी वृद्ध, कडवट आणि हिंस्र बॅटमॅन रंगवला, तेव्हा या माध्यमाला प्रथमच प्रौढ साहित्याचा मान मिळू लागला. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी विनोदी नटाचे नाव आले, तेव्हा पुन्हा प्रहसनच होणार, असा निष्कर्ष वाचकांनी काढणे स्वाभाविक होते. त्यांना जो मान नुकता मिळाला होता, तोच हातातून जातो आहे असे वाटले.

याच वर्षी आणखी एक घटना घडली. बॅटमॅनचा सहकारी रॉबिन जगावा की मरावा, हा निर्णय प्रकाशकांनी वाचकांवर सोपवला. दोन दूरध्वनी क्रमांक छापले गेले आणि प्रत्येक मताला पन्नास सेंट आकारण्यात आले. ५,३४३ मते मृत्यूच्या बाजूने, तर ५,२७१ मते जीवनदानाच्या बाजूने पडली. ७२ मतांच्या फरकाने पात्र मारले गेले. म्हणजे एकीकडे कंपनी वाचकाला पैसे घेऊन पात्राच्या जीवन-मरणाचा अधिकार देत होती आणि त्याच वर्षी दुसरीकडे नायक कोण असावा यावर त्याने मत दिले तर त्याला अतिरेकी ठरवले जात होते. चाहत्याच्या मालकीहक्काची जाणीव आपोआप वाढलेली नाही. ती जोपासली गेली, विकली गेली आणि गैरसोयीची झाली तेव्हा नाकारली गेली.

वॉर्नर ब्रदर्सने त्या वर्षाच्या अखेरीस घाईने दीड मिनिटाची एक झलक तयार करून चित्रपटगृहांत दाखवली. तिच्यात गंभीर, काळोखे गॉथम शहर होते आणि कीटन हसत नव्हते. केवळ ती झलक पाहण्यासाठी लोकांनी तिकिटे काढली. जून १९८९ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला आणि जगभरात त्याने ४० कोटी डॉलरांहून अधिक कमाई केली. २०२३ मध्ये ‘द फ्लॅश’ या चित्रपटात सत्तरी ओलांडलेले कीटन पुन्हा त्याच वेशात आले, तेव्हा चाहत्यांसाठी तेच त्या चित्रपटाचे मोठे आकर्षण ठरले.

दुसरे उदाहरण हीथ लेजर यांचे. २००६ च्या जुलैमध्ये ख्रिस्तोफर नोलन यांच्या ‘द डार्क नाइट’साठी जोकर म्हणून त्यांचे नाव जाहीर झाले, तेव्हा ते तरुणांच्या प्रेमपटांतील देखणे नट मानले जात. आदल्या वर्षी ‘ब्रोकबॅक माउंटन’मध्ये त्यांनी समलिंगी पुरुषाची भूमिका केली होती आणि नव्या निवडीवर झालेल्या शेरेबाजीचा मोठा भाग याच भूमिकेवरून होता. अभिनयाविषयीची शंका आणि समलिंगी व्यक्तींविषयीचा तिरस्कार यांची सरमिसळ तेव्हाही झाली होती. २२ जानेवारी २००८ रोजी वयाच्या अवघ्या २८ व्या वर्षी लेजर यांचे निधन झाले. सहा महिन्यांनी चित्रपट आला आणि फेब्रुवारी २००९ मध्ये त्यांना मरणोत्तर ऑस्कर मिळाले. ते स्वीकारण्यासाठी त्यांचे कुटुंबीय मंचावर गेले.

तेव्हापासून ‘लेजर आठवतात ना?’ हा प्रश्न चर्चेचा शेवट करणारा हुकमी पत्ता बनला आहे. कोणत्याही निवडीवर शंका घेतली की हे नाव पुढे केले जाते. या युक्तिवादात एक साधी फसगत आहे. ज्या निवडी यशस्वी ठरल्या तेवढ्याच स्मरणात राहतात. ज्या फसल्या त्या कोणी दाखला म्हणून सांगत नाही. १९९७ च्या ‘बॅटमॅन अँड रॉबिन’मध्ये जॉर्ज क्लूनी यांच्या निवडीवर कीटन यांच्या वेळेसारखे वादळ उठले नव्हते. चित्रपट मात्र कोसळला आणि क्लूनी आजही त्याबद्दल गमतीने चाहत्यांची माफी मागतात. ऑस्करविजेत्या हॅली बेरी यांनी २००४ मध्ये ‘कॅटवुमन’ केला आणि वर्षातील सर्वांत वाईट अभिनयाचा उपहासात्मक ‘रॅझी’ पुरस्कार स्वतः मंचावर जाऊन स्वीकारला. लेजर यांचे उदाहरण एवढेच सांगते की कागदावरच्या नावावरून पडद्यावरची भूमिका ओळखता येत नाही. चाहता नेहमी चुकतो, असे ते सांगत नाही.

स्टुडिओंनी यातून जो धडा घेतला तो कलेचा नसून व्यवस्थापनाचा होता. ऑगस्ट २०१३ मध्ये बेन ॲफ्लेक यांची बॅटमॅन म्हणून निवड जाहीर झाली. सहा महिन्यांपूर्वीच त्यांच्या ‘आर्गो’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले होते, तरीही २००३ च्या ‘डेअरडेव्हिल’चा डाग चाहते विसरले नव्हते. ही निवड रद्द करावी म्हणून ऑनलाइन सह्यांची मोहीम निघाली. घोषणेपूर्वी कंपनीने आपल्याला आधीच्या नटांवर झालेल्या टीकेचे नमुने पाठवले आणि काही दिवस इंटरनेटपासून दूर राहण्याचा सल्ला दिला, असे ॲफ्लेक यांनीच पुढे एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात सांगितले. म्हणजे रोष येणार हे गृहीत धरले गेले होते. वादळवाऱ्याचा अंदाज घ्यावा तसा त्याचा अंदाज घेतला गेला होता. चित्रपटावर सडकून टीका झाली, पण ॲफ्लेक यांच्या कामाचे अनेक टीकाकारांनी कौतुक केले. २०१९ मध्ये रॉबर्ट पॅटिन्सन यांच्या वेळी हाच क्रम पुन्हा घडला. किशोरवयीन मुलींच्या आवडत्या ‘ट्वायलाइट’ मालिकेतील नट बॅटमॅन कसा होणार, हा आक्षेप होता आणि त्यात त्या मुलींविषयीची तुच्छताच अधिक होती. २०२२ मध्ये चित्रपट आला आणि आक्षेप विरून गेला.

आतापर्यंतच्या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. रोष झेललेले हे नट गोरे पुरुष आहेत, त्यांच्यावरील रोष चित्रपट येताच ओसरला आणि त्यांच्या कारकिर्दीला त्याने फारसा धक्का लागला नाही. हरकत नटाच्या कौशल्याकडून त्याच्या जन्माकडे वळते, तेव्हा चित्र पालटते.

२०११ च्या ‘थॉर’मध्ये देवलोकाचा द्वारपाल हाइमडाल ही दुय्यम भूमिका इड्रिस एल्बा या कृष्णवर्णीय ब्रिटिश नटाला मिळाली. अमेरिकेतील ‘कौन्सिल ऑफ कन्झर्व्हेटिव्ह सिटिझन्स’ या वर्णवर्चस्ववादी संघटनेने बहिष्काराची हाक दिली. प्राचीन नॉर्स साहित्यात या देवाचे वर्णन गोरा असे आहे, हा आधार पुढे करण्यात आला. ज्या कथेत हातोडा उडत येऊन मालकाच्या हाती बसतो, तिथे अविश्वसनीय वाटतो तो फक्त आपल्या त्वचेचा रंग, या आशयाचे एल्बा यांचे उत्तर गाजले. ते मार्मिक होते. पण द्वारपालाच्या काही मिनिटांच्या भूमिकेसाठी नटाला असा बचाव करावा लागणे हेच मुळात विचित्र होते.

२०१५ च्या ‘फँटास्टिक फोर’मध्ये जॉनी स्टॉर्मची भूमिका मायकेल बी. जॉर्डन यांना मिळाली. मूळ चित्रकथेत हा तरुण गोरा आणि नायिकेचा सख्खा भाऊ आहे. जॉर्डन यांनी प्रदर्शनापूर्वी एका साप्ताहिकात लेख लिहून टीकाकारांना थेट उत्तर दिले. चित्रपट दणकून आपटला. दिग्दर्शक व स्टुडिओ यांच्यातील बेबनाव आणि पुन्हा केलेले चित्रीकरण यांनी तो आधीच खिळखिळा झाला होता, हे सर्वश्रुत आहे. तरीही विरोधकांनी ते अपयश जॉर्डन यांच्या नावावर मांडले. तीन वर्षांनी ‘ब्लॅक पँथर’मध्ये त्याच जॉर्डन यांनी साकारलेला खलनायक संस्मरणीय ठरला आणि त्या चित्रपटाने १३० कोटी डॉलरांचा पल्ला ओलांडला. यातली गंमत अशी की याच जॉनी स्टॉर्मची भूमिका २००५ मध्ये क्रिस इव्हान्स यांनी केली होती, आणि त्या थिल्लर भूमिकेमुळेच २०१० मध्ये ‘कॅप्टन अमेरिका’साठी ते शोभणार नाहीत, असे अनेकांना वाटत होते. इव्हान्स यांच्यावरील शंकेचे कारण भूमिका होती, जॉर्डन यांच्यावरील शंकेचे कारण वर्ण.

मूळ संहितेशी निष्ठा हा विरोधकांचा मुख्य दावा असतो आणि तो सरसकट खोटा म्हणता येत नाही. पन्नास वर्षे एका रूपात पाहिलेले पात्र वेगळे दिसले की मनाला खटकते. पण निष्ठा हे तत्त्व असेल तर ते दोन्ही बाजूंनी लागू व्हायला हवे. २००५ च्या ‘बॅटमॅन बिगिन्स’मध्ये रा’स अल गुल ही अरबी नाव आणि अरबी पार्श्वभूमी असलेली व्यक्तिरेखा लियम नीसन या आयरिश नटाने केली, तेव्हा सह्यांच्या मोहिमा निघाल्या नाहीत. एखाद्या व्यक्तिरेखेचा वर्ण फिकट झाला की ती कलावंताची मोकळीक ठरते, गडद झाला की ती परंपरेची विटंबना ठरते. अशा निष्ठेला निष्ठा म्हणणे कठीण आहे. २०२१ च्या ‘इटर्नल्स’मध्ये किंगो हे चित्रकथेतील जपानी सामुराईपटांतला नट असलेले पात्र हिंदी चित्रपटांचा तारा झाले आणि पाकिस्तानी-अमेरिकी कुमैल नानजियानी यांनी ते केले. त्याच्या सेवकाच्या भूमिकेत आपले हरीश पटेल होते. हाही मूळ संहितेतला मोठा बदल; पण तो एका आशियाई ओळखीतून दुसरीत झाला, म्हणून निष्ठावंतांचा आवाज तितका चढला नाही.

यांच्या नेमक्या उलट दिशेची हरकत ‘डॉक्टर स्ट्रेंज’च्या वेळी आली. १९६३ पासून चित्रकथेत डॉक्टर स्ट्रेंजचा गुरू हा वृद्ध तिबेटी पुरुष होता. २०१६ च्या चित्रपटात ही भूमिका टिल्डा स्विंटन या गोऱ्या ब्रिटिश अभिनेत्रीला देण्यात आली आणि गुरूचे मूळ केल्टिक ठरवण्यात आले. कथा घडते काठमांडूत, मठ आशियाई, विद्या आशियाई; फक्त ती शिकवणारी व्यक्ती तेवढी युरोपीय. आशियाई-अमेरिकी कलावंतांनी यावर तीव्र आक्षेप घेतला. स्टुडिओची बाजू अशी होती की दाढीवाला गूढ पौर्वात्य म्हातारा हा साचा अपमानकारक असल्याने तो टाळला. पटकथाकारांपैकी एकाने मात्र तिबेटचा उल्लेख चिनी बाजारपेठेला दुखावेल, ही चिंताही बोलून दाखवली. तिबेटी निर्वासितांना सहा दशकांहून अधिक काळ आसरा देणाऱ्या भारतातील प्रेक्षकाला या स्पष्टीकरणातील व्यवहार लगेच कळावा. २०२१ मध्ये मार्व्हलचे प्रमुख केविन फायगी यांनी ही निवड वेगळ्या पद्धतीने करता आली असती, अशी कबुली दिली. चाहत्यांची नाराजी दर वेळी द्वेषातून येते, असे मानणाऱ्यांनी हे प्रकरण लक्षात ठेवावे. इथे नाराजीचा विषय नाकारलेली संधी हा होता.

द्वेषातून येणारी नाराजी कुठे पोहोचते, हे पाहण्यासाठी मोठ्या पडद्यापेक्षा दूरचित्रवाणी मालिका अधिक बोलक्या आहेत. २०१८ मध्ये ‘टायटन्स’ या मालिकेची झलक आली आणि त्यात स्टारफायर झालेल्या ॲना डियॉप या सेनेगालमध्ये जन्मलेल्या अभिनेत्रीवर वर्णद्वेषी शेऱ्यांचा इतका भडिमार झाला की तिला इन्स्टाग्रामवरील प्रतिक्रिया बंद कराव्या लागल्या. स्टारफायर ही परग्रहावरची, नारिंगी कातडीची राजकन्या आहे. पृथ्वीवरील कोणत्याही स्त्रीशी तिचा रंग जुळण्याचा प्रश्नच येत नाही. २०१४ पासून ‘द फ्लॅश’ मालिकेत आयरिस वेस्ट साकारणाऱ्या कँडिस पॅटन यांनाही वर्षानुवर्षे असाच त्रास झाला. त्या काळात वाहिनी किंवा निर्मितीसंस्थेकडे कलावंताला आधार देणारी कोणतीही व्यवस्था नव्हती आणि सुरुवातीच्या काळातच मालिका सोडण्याचा विचार मनात आला होता, असे त्यांनी नंतर मुलाखतीत सांगितले. ॲफ्लेक यांना घोषणेपूर्वी सावध करणारा उद्योग आणि पॅटन यांना एकटे सोडणारा उद्योग एकच आहे. कोट्यवधी डॉलरांच्या चेहऱ्यासाठी जी काळजी घेतली गेली, ती साप्ताहिक मालिकेतील अभिनेत्रीच्या वाट्याला आली नाही.

रोषाचे यंत्र कसे चालते, याचे दर्शन २०१९ मध्ये ‘कॅप्टन मार्व्हल’च्या निमित्ताने घडले. अभिनेत्री ब्री लार्सन यांनी आदल्या वर्षी चित्रपट समीक्षकांमध्ये गोऱ्या पुरुषांचा भरणा असल्याबद्दल मत मांडले होते. त्याचा सूड म्हणून ‘रॉटन टोमॅटोज’ या संकेतस्थळावर चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच नकारात्मक शेऱ्यांचा पाऊस पाडण्यात आला. संकेतस्थळाने प्रदर्शनपूर्व शेरे बंद केले आणि पुढे तिकीट काढल्याची खात्री झालेल्या प्रेक्षकांचे गुण वेगळे दाखवण्याची पद्धत आणली. चित्रपटाने ११० कोटी डॉलरांहून अधिक कमावले. २०२३ मधील त्याचा पुढचा भाग ‘द मार्व्हल्स’ मात्र २१ कोटींच्या आतच थांबला. पहिल्या आकड्यावर समर्थक नाचले, दुसऱ्यावर विरोधक. वास्तविक पहिला चित्रपट ‘एंडगेम’च्या आधीच्या उत्सुकतेवर स्वार होता आणि दुसरा या विश्वाचा कंटाळा येऊ लागलेल्या काळात आला. तिकीटबारीचा आकडा पात्रनिवडीचा निवाडा करत नाही, हे दोन्ही पक्षांना ऐकायचे नसते.

मग पात्र नेमके कोणाचे? कायद्याचे उत्तर सरळ आहे. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी १९३८ मध्ये सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरांना विकले. २००९ मध्ये डिस्नेने मार्व्हल कंपनी सुमारे ४०० कोटी डॉलरांना घेतली. निर्मात्यांच्या हाती काही राहिले नाही, वाचकांच्या हाती तर कधीच नव्हते. पण या दोन टोकांच्या मधली अनेक दशके हे नायक जिवंत ठेवले ते दर महिन्याला अंक विकत घेणाऱ्यांनी. त्यांचा ऊर्मट वाटणारा हक्क या गुंतवणुकीतून येतो, आणि कधी कधी तो काहीतरी नवे घडवतो. २०१० मध्ये स्पायडरमॅनच्या भूमिकेसाठी डोनल्ड ग्लोव्हर या कृष्णवर्णीय नटाचा विचार व्हावा म्हणून चाहत्यांनी मोहीम चालवली. भूमिका अँड्र्यू गारफिल्ड यांना गेली. परंतु लेखक ब्रायन मायकेल बेंडिस यांनी ग्लोव्हर यांना स्पायडरमॅनच्या वेशात एका मालिकेत पाहिले आणि २०११ मध्ये जन्मलेल्या माइल्स मोरालेस या कृष्णवर्णीय-प्युर्टोरिकन स्पायडरमॅनच्या मागे ती प्रतिमा होती, असे त्यांनी सांगितले आहे. याच माइल्सवरील ‘इनटू द स्पायडर-व्हर्स’ या ॲनिमेशनपटाला २०१९ मध्ये ऑस्कर मिळाले.

भारतात हा वाद वेगळ्या वाटेने आला. प्रथम आवाजाच्या वाटेने. ‘ॲव्हेंजर्स : एंडगेम’च्या तमिळ आवृत्तीत २०१९ मध्ये आयर्न मॅनला विजय सेतुपती यांचा आवाज देण्यात आला. सेतुपती हे तमिळ रसिकांचे लाडके नट. तरीही अनेक चाहते संतापले. आधीच्या चित्रपटांत ऐकलेला आवाज त्यांच्या कानांत बसला होता आणि ताऱ्याच्या ओळखीच्या आवाजामुळे पडद्यावरचे पात्र हरवले, ही त्यांची तक्रार होती. डबिंग कलावंताचे नाव एरवी कोणी विचारत नाही. इथे प्रेक्षक प्रसिद्ध ताऱ्याऐवजी त्या अनामिक कलावंताची बाजू घेत होते, ही गोष्ट दुर्मीळ म्हणावी लागेल.

दुसरे प्रकरण आपल्या सर्वांच्या माहितीतले. दूरदर्शनवर १९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘शक्तिमान’वर चित्रपट काढण्याची घोषणा सोनी पिक्चर्सने २०२२ मध्ये केली आणि नायक म्हणून रणवीर सिंह यांचे नाव चर्चेत आले. मार्च २०२४ मध्ये मूळ शक्तिमान मुकेश खन्ना यांनीच समाजमाध्यमांवर या नावाला जाहीर विरोध केला. आक्षेप अभिनयावर नव्हता; रणवीर यांच्या सार्वजनिक प्रतिमेवर, विशेषतः त्यांच्या एका गाजलेल्या छायाचित्रणावर होता. शक्तिमान हा मुलांना संस्कार सांगणारा नायक असल्याने तो साकारणाऱ्याचे खासगी वर्तनही तसेच दिसले पाहिजे, हे त्यामागचे गृहीतक. हॉलिवूडच्या वादांत नटाच्या चारित्र्याची अट क्वचितच पुढे येते. उलट डाउनी यांच्या पूर्वायुष्यातील व्यसनाधीनता आणि तुरुंगवास यांमुळे स्टुडिओ साशंक असताना दिग्दर्शक जॉन फॅवरो यांनी त्यांचाच आग्रह धरला होता. आपल्याकडे मात्र रामायण मालिकेतील अरुण गोविल यांच्या पाया पडणारा प्रेक्षक नट आणि भूमिका यांत अंतर ठेवत नाही. अक्षय कुमार यांच्या छत्रपती शिवाजी महाराजांच्या भूमिकेची २०२२ मध्ये घोषणा झाली, तेव्हा मराठी प्रेक्षकांनी घेतलेली हरकत वाचकांना स्मरत असेल. अर्थात आराध्य दैवत, ऐतिहासिक राजा आणि कल्पित सुपरहिरो यांना एकाच मापाने मोजणे योग्य नाही. पहिल्या दोघांवर समाजाचा जो हक्क आहे, तो तिसऱ्यावर सांगता येत नाही. पण शक्तिमानच्या बाबतीत ही सीमारेषा आपल्याकडे पुसट झाली आहे, कारण तो घडवलाच गेला होता योगी, ऋषी आणि पंचतत्त्वे यांच्या पौराणिक मुशीत.

यावर दाक्षिणात्य चित्रपटसृष्टीने काढलेला मार्ग साधा आहे. २०२१ च्या मल्याळम ‘मिन्नल मुरली’चा नायक खेड्यातला शिंपी होता, टोव्हिनो थॉमस यांच्या आधी त्याला कोणताही चेहरा नव्हता. २०२५ मध्ये ‘लोका’ने केरळच्या लोककथेतील यक्षीला सुपरहिरो केले आणि कल्याणी प्रियदर्शन यांना मुख्य भूमिका दिली. नायिकाप्रधान असूनही तो मल्याळम भाषेतील सर्वाधिक कमाईच्या चित्रपटांत गेला. मराठीतही २०१५ मध्ये श्रेयस तळपदे यांना घेऊन ‘बाजी’ हा प्रयत्न झाला होता, तो पुढे वाढला नाही. नव्या पात्राला जुना चाहता नसतो, म्हणून वादही नसतो. तो सुरू होतो पहिल्या नटाने भूमिका सोडल्यावर. ‘मिन्नल मुरली’ आणि ‘लोका’ यांचे नायक अजून त्यांच्या पहिल्याच चेहऱ्यात आहेत.